एवढा डाव संपव

५ जानेवारी

ताई,

फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण ही एक ओळ वाचून मग फाड. भिंगरीचं मशीन सापडलं.

फोन तू उचलत नाहीस. पत्रांना उत्तर देत नाहीस. पण तेवीस वर्षांत माझं एकही पत्र परत आलेलं नाही. म्हणजे टपालवाला ते तुझ्या दारात टाकतो आणि तू निदान पायाने तरी आत ढकलतेस, असं मी धरून चाललोय. वर्षाला दोन, म्हणजे शेहेचाळीस झाली. एखादं वाचलं असशील. नसशील तर थोडक्यात सांगतो. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद झालं. आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही, फेकून देतात. मी आता जुनी गेम मशीनं शोधतो. पार्लरमध्ये असायची ना, उभ्या कपाटाएवढी, टोकन टाकून खेळायची, तीच. पार्लरं बुडाली, मशीनं गोदामांत जाऊन पडली, आणि त्यांच्या मागे माझ्यासारखे चार वेडे फिरत असतात. माझ्या जोडीला एक सुतार आहे. बाहेरचं लाकूड त्याचं, आतल्या वायरी माझ्या. माझ्या दोन खोल्यांत सात मशीनं उभी आहेत आणि त्यांच्या मधल्या बोळात मी झोपतो. सुतार विचारतो, "माणूस आला तर बसवणार कुठे?" मी म्हणतो, आधी येऊ तर दे.

तर सोमवारी एका गोदामात गेलो होतो. रंगाचे सुकलेले डबे, दोरखंडांची वेटोळी, आणि मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली काहीतरी उंच. तिथला वॉचमन सुटीवर होता, दात काढायला गेला होता म्हणे. कारकुनाने कुलूप उघडून दिलं आणि नाकाला रुमाल लावून बाहेर थांबला. सुतार गुडघ्यांवर बसून लाकूड ठोकून बघत होता, तिथूनच ओरडला, "अहो, इकडे या! खाली चार भोकं आहेत. कुठल्या गाढवाने चांगल्या फळीत एवढे जाड स्क्रू मारलेत?"

ते गाढव मीच, ताई. लहानपणी भिंगरीचा हात मशीनच्या दांड्यापर्यंत पोचत नव्हता म्हणून तिला उभं राहायला मी तिथे एक पाट ठोकला होता. पार्लरवाला माझ्यावर कावला होता, आठवतं? तुला कुठून आठवणार, तू एकदाही आली नाहीस. पाट आता नाही. भोकं आहेत. मी भोकात बोट घालून बसलो.

आता नीट ऐक. हे मशीन पहिल्या दहा जणांचे गुण आणि नावं लक्षात ठेवतं. बंद केलं तरी विसरू नये म्हणून आत एक छोटी बॅटरी असते. त्या रविवारी भिंगरी पहिली आली होती. नाव टाकायला तीन इंग्रजी अक्षरं मिळतात. तिने काय टाकलं ते मी पाहिलं नाही, कारण मी स्कूटर काढायला बाहेर गेलो होतो. पोरीने स्वतःच्या हाताने लिहिलेली शेवटची गोष्ट आहे ती. बॅटरी जिवंत असेल तर ती अजून तिथे असेल.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. पोरीच्या अंगात ताप होता, मला माहीत होतं, मी तुला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, रविवारी आणली असती तर वाचली असती. बुधवारी आणली. मी तेव्हाही सांगितलं होतं, पुन्हा सांगतो, तीच हट्टाला पेटली होती. "मामा, आईला सांगू नकोस," म्हणाली. बाराव्या वर्षी पोरं असतातच तशी. असो. ते उगाळायला हे पत्र नाही.

गुरुवारी मशीन घरी येतंय. कळवतो.

तुझा
गुंड्या
(हे नाव तूच ठेवलंस. आता मला या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही.)


१४ जानेवारी

ताई,

नाव आहे.

ए. ए. आय.

आई.

काय लिहू पुढे, सुचत नाही. मशीन जिन्यावरून वर चढवताना सुताराच्या अंगठ्यावर आलं आणि त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वरच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून म्हणाल्या, "आणखी एक? तुमच्या घरात हवा तरी शिरते का हो?" हे सगळं तुला कशाला सांगतोय! मुद्दा तो नाही. मुद्दा तो, जो वर लिहिलाय.

गुण दोन लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे पन्नास. स्क्रीनवर तो आकडा मात्र नीट वाचता येत नाही, ट्यूब म्हातारी झालीय, कडेचे अंक पुसट दिसतात. नाव तेवढं स्पष्ट आहे.

मला वाटायचं, माझं काहीतरी टाकलं असेल तिने. दर रविवारी मीच न्यायचो ना. मनातल्या मनात मी ते धरूनही बसलो होतो. नव्हतं. तुझं होतं.

येशील का बघायला? मी घरात थांबणार नाही, हवं तर. किल्ली वरच्या बाईंकडे ठेवीन.

गुंड्या


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. चारदा वाचलं. तीन वाक्यं तर आहेत, किती वेळा वाचणार! "बारा तारखेला दुपारी येते. मला ते बघायचं आहे. तू घरी थांब." शेवटचं वाक्य मी सुताराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग आता खुर्ची घ्या." खुर्ची घेतली. लाकडी आहे, पाठ ताठ, तुझ्या कमरेला बरी. तिला जागा करायला दोन मशीनं सुताराकडे हलवली.

फक्त मी काय म्हणतो, एवढा प्रवास कशाला? मी फोटो काढून पाठवला तर? गाडी बदलावी लागते, जिना चढावा लागतो, आणि आमच्याकडे जिन्यात दिवा नाही. घाई नाही एवढंच म्हणतोय. मशीन कुठे पळून जात नाही.

परवा वीज गेली होती दहा मिनिटं. जीव नुसता टांगणीला लागला. आली परत. आता सगळं ठीक आहे. नाव आहे जागेवर.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, मी बरा आहे. झोप लागत नाही हल्ली. मशीनचा आवाज येत राहतो ना.

गुंड्या


६ फेब्रुवारी

ताई,

बारा तारखेच्या आत पोचावं म्हणून हे जलद टपालाने पाठवतोय. उभ्याने वाचू नकोस. आधी बस.

नाव नाही. मी पुसलं.

मुद्दाम नाही. कसं झालं ते सांगतो, आणि या वेळी सगळं सांगतो. आमच्या धंद्यात दोन नियम आहेत. अनोळखी मशीनचा प्लग आतलं तपासल्याशिवाय लावायचा नाही. आणि मागचं दार उघडलं की बाकी काही बघायच्या आधी बॅटरी कापून फेकायची. कारण जुनी बॅटरी पाझरते, आणि ते पाणी बोर्डावरच्या बारीक रेघा खाऊन टाकतं. मग मशीन कायमचं गेलं. सुताराने एकदा हे पाळलं नाही, तर मी पंधरा दिवस त्याला घालूनपाडून बोलत होतो. शंभरएक मशीनं उघडली असतील मी. प्रत्येकाची बॅटरी कापली.

त्या गुरुवारी मागचं दार उघडलं आणि हात आपला आपण गेला. कट्ट. भोकं मी ओळखली होती, तुला पत्र मी लिहिलं होतं, बॅटरीत नाव असतं हेही त्यात मीच लिहिलं होतं! आणि हाताला त्यातलं काही माहीत नव्हतं. बॅटरी तळव्यावर घेतली तर कोरी करकरीत. ना हिरवा डाग, ना पाणी. मी सुताराला म्हटलं, "अरे, ही नवी आहे." तो म्हणाला, "मग बरंच झालं की." मी जमिनीवर बसलो. तेव्हा त्याला कळलं.

प्लग लावला. दहाच्या दहा जागी कारखान्यातून आलेली नावं आणि प्रत्येकापुढे दहा हजार गुण. बस.

शनिवारी परत त्या गोदामात गेलो. वॉचमन आला होता. साठीचा माणूस, दाताने एक गाल सुजलेला. मला बघून म्हणाला, "तुम्हीच ना माझी गाडी नेली?" त्या खेळात बोगद्यातून एक गाडी पळवायची असते, वरून दगड पडतात, ते चुकवायचे. बावीस वर्षं तो रोज दुपारी डबा खाल्ला की ते मशीन लावून एक डाव खेळायचा. मग बंद करून ताडपत्री घालायचा. बॅटरी जुनी झाली की एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला बोलवायचा आणि मशीन चालू असतानाच ती बदलून घ्यायचा. का? मी विचारलं. "अहो, वरचं नाव जाईल ना नाहीतर!"

कळलं का ताई? त्या माणसाला आपलं काही देणं नाही, घेणं नाही, आणि त्याने ते बावीस वर्षं सांभाळलं. मी शहाणा, नियम करणारा, अर्ध्या सेकंदात घालवलं.

"वर कोण होतं?" मी विचारलं. त्याला आठवावं लागलं नाही. "तीन ए. दोन लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे पन्नास. मी साठ हजारांच्या पुढे कधी गेलो नाही हो. रोज म्हणायचो, काय साहेब, आज तरी उठता का खुर्चीवरून?" मी म्हटलं, साहेब नव्हे, माझी भाची ती, बारा वर्षांची. तो गाल धरून हसायला लागला. "पोरगी? बारा वर्षांची? आणि मी तिला अहोजाहो करतोय!" मग विचारलं, "कुठे असते आता?"

मी म्हटलं, "असते. आईकडे असते."

बघ, कसं पटकन येतं तोंडात.

तीन ए, ताई. नाव टाकायची वेळ आली की मशीन आपणहून तीन ए दाखवतं. दांडा हलवून अक्षर बदलायचं असतं. नुसतं बटण तीनदा दाबलं तर तेच राहतं. म्हणजे तिने नाव टाकलंच नव्हतं. पोरीने लिहिलेली शेवटची गोष्ट म्हणून तेवीस वर्षं ज्याच्या मागे फिरलो, ते नुसतं तीनदा दाबलेलं बटण होतं.

घरी आलो आणि चार दिवस त्या कोऱ्या पाटीकडे बघत राहिलो. तिथे आता कोणीही दहा हजारांच्या वर गेलं की पहिलं येतं. मी अकरा हजार केले. शेवटचं अक्षर बदललं. ए, ए, आय. आणि तुला पत्र टाकलं. स्क्रीनवरचा आकडा पुसट वगैरे काही नव्हता, अकरा हजार स्पष्ट दिसत होते. बॅटरी मी पुन्हा जोडू शकलो असतो. पण तीच बॅटरी घेऊन ते खोटं पक्कं करायला हात धजावला नाही. त्यामुळे प्लग काढला की नाव गेलं. तेवीस दिवस मशीन अखंड चालू होतं. वीज गेली त्या दहा मिनिटांत ते पुसलं गेलं आणि मी पुन्हा खेळलो. चौथ्या डावात जमलं.

खोटं तुझ्यासाठी केलं म्हणालो तर तेही खोटंच. तू यावीस म्हणून केलं. मला कोणीतरी यायला हवं होतं.

आता खरी गोष्ट. ती तुला दवाखान्याच्या व्हरांड्यातच सांगायला हवी होती. त्या रविवारी भिंगरीचे दोन डाव खेळून झाले होते. ती पाटावरून उतरली आणि म्हणाली, "मामा, डोकं दुखतंय. घरी जाऊ या. आईकडे." मी कपाळाला हात लावला. गरम होतं. आणि मी म्हटलं, "अगं, टोकन टाकलंय मी. एवढा डाव संपव." ती परत पाटावर चढली. हट्ट माझा होता. ती खेळायची ना, तेव्हा मागे माणसं जमायची आणि मी सांगायचो, माझी भाची. दुसरं कोणी माझ्याकडे त्या नजरेने बघत नसे.

"आईला सांगू नकोस" हे ती कधीच म्हणाली नाही. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला ते सोसेना, म्हणून मी ते वाक्य तिच्या तोंडी घातलं. तिला काय, नाही म्हणायला ती नव्हतीच.

पहिली आल्यावर मी टाळ्या पिटल्या. ती म्हणाली, "आता जाऊ?" मी स्कूटर काढायला बाहेर गेलो, आणि किक मारतो तोवर ती मागे येऊन उभी. नाव टाकायला अर्धं मिनिट तरी लागतं. ती तेवढीही थांबली नाही. तिला पहिलं यायचंच नव्हतं. घरी यायचं होतं. ते तीन ए ऐकून मला कळलं की मला हे सगळं आधीपासून माहीत होतं.

आज सकाळी मी प्लग काढला. घर एकदम शांत झालं. सवय नाही, कान वाजतात.

ये असं म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही. खुर्ची आहे, एवढंच सांगतो.

गुंड्या


९ फेब्रुवारी

गुंड्या,

बसून वाचलं. शेहेचाळीसही वाचली आहेत. पायाने ढकलून नव्हे.

तू तुझं सांगितलंस, आता माझं ऐक. हे मी कोणाला बोललेले नाही.

त्या रविवारी घरात आल्या आल्या ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "आई, मी पहिली आले. डोकं दुखतंय." माझी तिच्याकडे पाठ होती. मी तुझ्यावर चिडलेली होते, दर रविवारी चिडायचे. वळले नाही. म्हटलं, "खेळ आणखी. आधी हातपाय धू." रात्री ती जेवली नाही. मी म्हटलं, फुगली असेल. सोमवारी अंथरुणातच होती, मी म्हटलं, शाळा चुकवायला नाटक करतेय. तुझ्या निदान हाताला तरी ताप लागला. मी हात लावला मंगळवारी.

रविवारी आणायला हवं होतं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ते दोघांनाही लागू होतं. तू समोर उभा होतास, म्हणून मी तुझ्याकडे बघितलं. मग तेवीस वर्षं बघतच राहिले. तू काही म्हणाला असतास तर मलाही म्हणावं लागलं असतं. म्हणून फोन उचलला नाही.

बारा तारखेला येते. मशीन चालू करून ठेव, पण वर काही लिहू नकोस. त्या वॉचमनलाही बोलाव. तिचं काय झालं ते त्याला मी सांगेन, तू मध्ये तोंड घालू नकोस. आणि तो आकडा मला त्याच्या तोंडून ऐकायचा आहे. ती मला सांगत होती तेव्हा मी ऐकला नाही.

स्टेशनवर न्यायला ये. जिन्यात दिवा लाव, इतकी वर्षं काय करत होतास?

आणि एका खुर्चीने काय होणार? मी बसेन, तो बसेल, आणि तू काय बोळात उभा राहणार आहेस?

ताई